कोणत्या रकान्यात

सॉल्टनीत आमच्या गल्लीचं नावच बाउंड्री लेन.
डांबराच्या मधोमध सीमा जाते म्हणतात,
बावीस वर्षांत मला ती दिसलेली नाही.
माझ्या दारात वेल्स, समोरच्या दारात इंग्लंड.
कचऱ्याची गाडी इकडे मंगळवारी, तिकडे शुक्रवारी,
एवढाच काय तो परदेश.

मी निपाणीची. सीमाप्रश्न आमच्याकडे
आमटीच्या आधी पानात वाढायचे.
म्हणून या गल्लीत मला लवकर करमलं.

साथ ओसरून वर्षं झाली,
तरी रविवारी एमरिस प्रिचर्ड येतो वही घेऊन,
बेरिल हॉजकिन्सन येते लिंबाचा केक घेऊन,
आणि चहा मुरायच्या आत जुंपते.

"तुम्ही दुकानात किटल्यांवर प्लास्टिक घातलंत!
किटल्यांवर! पोरांच्या मोज्यांवर!
मोजे काय खोकतात?"
"आणि तुम्ही? आम्ही घरात कोंडलेले,
तुमचे पब उघडे. ऑगस्टात तर
लोकांना अर्ध्या किमतीत जेवू घातलंत."
"ते तुमच्याकडेही होतं, एमरिस.
तू दोनदा जेवलास. मासे."

एमरिस चष्मा वर सारतो. "लाखामागे किती, ते बोल."
बेरिलला तारखा पाठ आहेत.
"सतरा दिवस कड्या लावून बसलात,
मग डिसेंबरात काय झालं?"
"डिसेंबर वेगळा," एमरिस म्हणतो.
प्रत्येकाचा एक डिसेंबर असतो,
तो वेगळाच धरायचा असतो.

(निपाणीहून भाऊही अजून हेच सांगतो:
कोगनोळीच्या नाक्यावर रिपोर्ट मागत,
कागलला जायचं तर नाकात काडी.
तो म्हणतो, बरं केलं.
वहिनीचं माहेर कागल. ती फोन ठेवून देते.)

मग दोघं माझ्याकडे वळतात.
तू इस्पितळात होतीस. तू सांग, कोणाचं चुकलं?

मी डॉक्टर नव्हते, नर्स नव्हते.
चेस्टरच्या इस्पितळात तळमजल्यावर
नोंदी टंकत होते. नाव, जन्मतारीख, पोस्टकोड.
पोस्टकोडवरून माणूस
इकडच्या नाहीतर तिकडच्या रकान्यात पडे.
वर खाटा मिळत नव्हत्या,
खाली रकान्यांना तोटा नव्हता.

एप्रिलची एक रात्र. तीन वाजून गेलेले.
हॉजकिन्सन, नॉर्मन. समोरच्या घरातला.
जो मंगळवारी आमचाही डबा
रस्त्याच्या कडेला ओढून ठेवायचा,
त्याचा वार शुक्रवार असून.
नाव नीट टंकलं. जन्मतारीख दोनदा तपासली.
पुढे बोटांनी, सतरा वर्षं जो पोस्टकोड
वीजबिलांवर, पार्सलांवर, राखीच्या पाकिटांवर लिहिला,
तोच टंकला. माझा.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.
यादी वर गेली होती, बेरीज झाली होती.
कुणाला सांगायचं होतं? सगळेच धावत होते.
मग धावणं थांबलं,
तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं, असं मी ठरवलं.

आता एमरिसच्या वहीत नॉर्मन वेल्समध्ये आहे.
बेरिल ज्या आकड्यावर बोट ठेवून
त्याला गप्प करते, "बघ, तुमचे किती,"
त्या आकड्यात तो आहे.
ती जिंकते तेव्हा नवऱ्याला
समोरच्या बाजूला मोजून जिंकते.

परवा ती वहीकडे बघता बघता म्हणाली,
"हे आमचे इतके. यातला एक
मला नावानं माहीत आहे."
एमरिसनं पेनाचं टोपण लावलं.
मी सुरी पुसली. खरंतर ती स्वच्छच होती.
तोंड उघडलं, आणि विचारलं, अजून एक तुकडा देऊ?

मंगळवारी पहाटे डबा ओढताना
चाकांचा फार आवाज होतो.
समोरचा पडदा हलतो.
मी हात करते.
तीही करते.